ह्यातला माणूस पाणी कुठं पितो?

वाचनालयात पुस्तक मागायला येणारी माणसं लेखकाचं नाव सांगतात, नाहीतर पुस्तक जाड आहे का बारीक एवढंच बघतात. काही जण शेवट गोड आहे ना, याची खात्री करून घेतात. ग्यानोबा सोनकांबळे मात्र टेबलावर दोन्ही तळहात टेकवत, थोडं पुढं वाकत आणि डॉक्टरला विचारावं तशा हळू आवाजात विचारत, "ह्यातला माणूस पाणी कुठं पितो?"

पहिल्यांदा त्यांनी हे विचारलं तेव्हा मला नोकरीला लागून तीन आठवडे झाले होते. मी लोह्याकडच्या एका खेड्यातला. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. नांदेडला वसतिगृहात राहून बी.ए. झालो, ग्रंथालयाचा छोटा कोर्स केला आणि लातूरच्या या वाचनालयात सहायक म्हणून लागलो. आईनं गल्लीत गूळ वाटला. तिच्या समजुतीप्रमाणे मी पुस्तकांचा तलाठी झालो होतो. त्यामुळं कुणी पुस्तकाबद्दल काही विचारलं आणि मला उत्तर आलं नाही, की माझी डिग्रीच खोटी ठरल्यासारखं वाटायचं.

"कशातला माणूस?" मी विचारलं.

"ह्या बुकातला. हा डोंगर चढून राहिला न्हवं? मंग पाणी कुठं पितो?"

त्यांच्या हातात घाटवाटांवर पायी हिंडलेल्या एका प्राध्यापकाचं पुस्तक होतं. मी ते वाचलेलं नव्हतं. म्हणालो, "पीत असेल की कुठंतरी."

"कुठंतरी?" त्यांनी माझ्याकडं, मग पुस्तकाकडं पाहिलं. "कुठंतरी पाणी नसतंय बुकवाले. पाणी एका जागी असतंय."

पुस्तक घेऊन गेले आणि दोन दिवसांत परत आले. "हा माणूस चाललाच न्हाई," त्यांनी निकाल दिला. "दोन घाट चढला, चार भाकरी खाल्ल्या, सूर्य मावळताना तीनदा बगितला, अन् पाण्याचा थेंब न्हाई. खुर्चीत बसून लिव्हलंय हे."

त्या दिवसापासून मी 'बुकवाले' झालो आणि ते माझे ग्यानोबामामा. नात्याला आधार एवढाच, की त्यांची जुनी वाट आमच्या शेजारच्या गावावरून जायची. मामा टपाल खात्यात रनर होते. ज्या खेड्यांना मोटार जात नव्हती तिथं टपालाची पिशवी पाठीवर टाकून पायी पोचवायची, तिथली पिशवी घेऊन परत यायचं. रोज जाऊन-येऊन आठ कोस. हे सगळं त्यांनी निरक्षर असताना केलं. नोकरी संपत आली तेव्हा प्रौढांच्या वर्गात जाऊन अक्षरं शिकले. "इतकी वर्सं लोकांचं लिव्हलेलं पाठीवर वाह्यलं," ते म्हणत, "म्हनलं, आता त्यात काय असतंय ते बगावं तरी."

उंच, सडसडीत देह. खाकी शर्ट इतका धुतलेला की खाकी म्हणायला जुन्या ओळखीची गरज पडावी. वाचनालयातल्या बाकावर ते कधी बसले नाहीत. पुस्तक चाळायचं तर कपाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत, बोट ओळीवर ठेवून. एखाद्या सभासदाला धक्का लागला तर "रस्ता द्या, डाक हाय" म्हणत आणि स्वतःच हसत.

कादंबरी त्यांना चालत नसे. "घरातल्या घरात भांडून राहिलेत. बाहीर कामून निघंनात?" चरित्रं नकोत, कारण त्यातली माणसं फार लवकर मोठी होतात. त्यांना फक्त वाटेवरची पुस्तकं हवीत. डोंगर, नद्या, जंगलं आणि त्यांतून पायी जाणारी माणसं. आमच्याकडं अशी पुस्तकं कपाटाच्या खालच्या एका फळीत मावत होती. मामांनी ती फळी पाठ केली.

सुरुवातीला त्यांना एका गोष्टीचं फार आश्चर्य वाटायचं. नदीच्या काठानं उगमापर्यंत चालत गेलेल्या एका बाईंचं पुस्तक त्यांनी परत आणलं तेव्हा ते बराच वेळ टेबलापाशी घुटमळत राहिले.

"बुकवाले, ह्या बाईला कुणी धाडलं?"

"कुणी नाही. स्वतःच्या मनानं गेल्या."

"पिशवीत काय हुतं?"

"कपडे असतील. वही असेल."

"कुणाची चिठ्ठी, सरकारी कागद, काईच न्हाई?" त्यांनी मान हलवली. "कुणी धाडलं न्हाई अन् चालून राहिली! लई मोठी बाई."

मी त्या वेळी हसलो. नंतर रात्री खोलीवर पडल्या पडल्या माझ्या आजोबांची आठवण झाली. तेही आयुष्यभर चालले. पाटलाचा निरोप, तहसीलचा कागद, मयताची खबर. आपल्या मनानं ते कुठं चालत गेले होते का, ते मला आठवेना.

मामांची पसंती-नापसंती ऐकायला वाचनालयातले बाकीचे लोकही जमत. बर्फाच्या डोंगरावरचं पुस्तक त्यांना फार आवडलं होतं, कारण त्यातला माणूस बर्फ वितळवून प्यायचा. "पाणी खाऊन राहिला लेकाचा! फोडायचं, शिजवायचं, मंग प्यायचं," असं ते आठवडाभर सगळ्यांना सांगत होते. समुद्रकिनाऱ्यानं चालत गेलेल्या एका जोडप्याचं पुस्तक मात्र दुसऱ्याच दिवशी परत आलं. "हे घरात चालत न्हाई," ते म्हणाले. "भवताली पाणीच पाणी अन् प्यायला एक घोट न्हाई. जीव घाबरतो."

"तुमचा?"

"घराचा," ते म्हणाले आणि दुसरं पुस्तक शोधायला चालू लागले.

निसर्गवर्णनाबद्दल त्यांचं मत वेगळंच होतं. "निळाशार डोंगर, सोनेरी ऊन, बगायला बरं हाय. पर ह्याच्या पायातला जोडा कसा हाय ते लिव्हलंच न्हाई. जोडा चावत असल तर डोंगर निळा दिसत नसतो." एका पक्षीवेड्या माणसाच्या पुस्तकाला त्यांनी पैकीच्या पैकी गुण दिले. तो माणूस दर चार पानांनी कुठल्या ना कुठल्या पाणवठ्यावर जाऊन बसायचा. मामांना पाखरांत फारसा रस नव्हता. पण ते पुस्तक त्यांनी चारदा नेलं.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. गावाला एकदम उंची आल्यासारखी झाली होती. रिकाम्या घरांना कचेऱ्यांच्या पाट्या लागत होत्या, चहाच्या हॉटेलात बदलीवर आलेल्या कारकुनांना जागा पुरत नव्हती. आमच्या वाचनालयाचे छापील कागद मात्र दोन रिमं तसेच पडून होते, कारण त्यांवर 'जि. उस्मानाबाद' असं होतं. आमचे कार्यवाह पेशानं वकील. सगळे त्यांना वकीलसाहेबच म्हणत. कागद टाकून देऊ का म्हणून मी विचारलं तर म्हणाले, "राहू द्या. उद्या परत जोडला तर?"

मामांना या जिल्ह्याचं काही वाटत नव्हतं. भिंतीवरच्या नव्या नकाशावरची लाल रेघ बोटानं चाचपत ते म्हणाले होते, "इथून तिथं जाताना काय लागतंय का पायाला? मंग झालं तर."

जिल्हा आला, पण पाऊस आला नाही. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. नळाला पाणी कधी येईल ते येण्याआधी कुणाला कळत नसे. चौकात टँकर उभा राहिला की वाचक हातातलं पुस्तक उघडंच टाकून घागर आणायला पळत. वाचनालयातला माठ अर्धाच भरायचा असं ठरलं. त्या दिवसांत मामांचा प्रश्न ऐकून लोक हसेनासे झाले. कुणी म्हणे, "मामा, बुकातलं सोडा, गल्लीत कुठं मिळतं ते सांगा." मामा ऐकून घेत आणि कपाटाकडं चालू लागत. माठातलं पाणी मात्र त्यांनी कधीच घेतलं नाही. "घरी हाय," म्हणत.

अशात तपासणीचं पत्र आलं. नव्या जिल्ह्यासाठी जिल्ह्याचं म्हणून एक वाचनालय निवडलं जाणार होतं. तो दर्जा मिळाला की अनुदान वाढणार होतं, आणि वकीलसाहेबांच्या बोलण्यावरून मीही कायम होणार होतो. साहेब आठ दिवसांनी येणार होते. वकीलसाहेबांनी स्वतः एकेक फळी तपासायला घेतली. खालच्या फळीपाशी ते बसले आणि तिथूनच ओरडले, "हे काय आहे?"

उघड्या पुस्तकाच्या समासात निळ्या पेन्सिलीनं काढलेला गोल होता. रुपयाएवढा, ठळक. चार पानांनी दुसरा, पुढं तिसरा. त्या फळीतल्या जवळजवळ सगळ्या पुस्तकांच्या अंगावर निळ्या देवी उठल्या होत्या.

"कोणाची ही थेरं?"

मी खाली वाकून पुस्तकं सरळ करू लागलो. पण त्या पुस्तकांच्या पाठीमागच्या कार्डांवर एकच सभासद क्रमांक रांगेनं बसला होता. वकीलसाहेबांनी तो वाचला.

"नियम काय आहे? पुस्तकावर खुणा करील त्याचं सभासदत्व रद्द. साहेबांच्या हातात यातलं एक जरी पुस्तक पडलं तर आपला दर्जा गेला. खोडरबर घ्या, सगळं साफ करा. आणि त्या गृहस्थाचं कार्ड आणून माझ्यासमोर फाडा."

तीन दिवस मी खोडत बसलो. पहिल्याच पुस्तकात माझ्या लक्षात आलं, की गोल कुठंही काढलेले नाहीत. जिथं पुस्तकातला माणूस पाणी पितो, तिथंच गोल होता. ओढा, झरा, कुण्या म्हातारीनं दिलेला तांब्या, गवळ्याच्या घरचं ताक. ताकाजवळच्या गोलाला प्रश्नचिन्ह होतं.

पण खरी गंमत पुढं होती. ज्या पुस्तकांतली माणसं पाणी पीत नव्हती, तिथं मामांनी त्यांची सोय केली होती. हिमालयात, जिथं लेखकाला श्वास घ्यायला जड जात होतं, तिथं समासात वाकड्या अक्षरात लिहिलं होतं, 'हितं आड. राहाट नवा.' घनदाट जंगलात लिहिलं होतं, 'हितं म्हसोबा. म्होरं झरा. गोड.' आणि राजस्थानच्या वाळवंटातून उंटांच्या मागं चालत गेलेल्या एका माणसाच्या पुस्तकात, चारही बाजूंना वाळूशिवाय काही नाही अशा पानावर गोल काढून लिहिलं होतं, 'हितं टँकर आला.'

मी एकटाच मोठ्यानं हसलो. म्हाताऱ्याला छंदाचं वेड लागलंय, असं मी धरून चाललो. खोडताना थोडं वाईट वाटत होतं, पण सफाई चांगली जमत होती. हिमालयातला आड बुजवला, वाळवंटातला टँकर पुसून टाकला. शेवटी एकच पुस्तक राहिलं, पक्षीवेड्या माणसाचं. ते मामांकडं होतं. ते आणायला आणि कार्ड मागायला मी दुपारी त्यांच्या घरी गेलो.

गोलाईच्या चौकापासून आत, आडत बाजाराच्या मागं एक पत्र्याची खोली. दार उघडं होतं. हाक मारणार तेवढ्यात आतून मामांचा वाचण्याचा आवाज आला, म्हणून उंबऱ्याशीच थांबलो.

बाजेवर एक म्हातारी आडवी होती. तिचा उजवा हात छातीवर ठेवून दिल्यासारखा पडला होता आणि तोंड एका बाजूला ओढलेलं होतं. मामा शेजारी उभे होते. उभे म्हणजे जागच्या जागी चालत होते, एक पाय उचलत, दुसरा टेकवत. एका हातात पुस्तक. काखेत रनरची जुनी काठी, वरच्या टोकाला घुंगरं बांधलेली. अशी काठी मी लहानपणी पाहिली होती. घुंगरं वाजली की टपाल आलं हे गावाला कळायचं, रानातली जनावरं बाजूला व्हायची.

"मंग तो टेकडी उतरला," मामा वाचत होते, बोट ओळीवर आणि नजर मधूनच पुढच्या समासाकडं. "ऊन लई हुतं. खाली पळसाची झाडं हुती." पुस्तकात हे असं लिहिलेलं नव्हतं. मामा लेखकाची भाषा बदलून वाचत होते. समासातला निळा गोल जवळ आला तसं त्यांनी पुस्तक बाजेवर पालथं ठेवलं, तांब्यातून वाटीत पाणी ओतलं आणि काठी हलवली. घुंगरं वाजली.

म्हातारीचे डोळे दाराकडं वळले.

"वाटसरू आला गं धुरपे," मामा म्हणाले. "पाणी दे म्हनतोय." त्यांनी तांब्या ओठाला लावल्यासारखा केला, घटाघट आवाज केला. "प्याला. पोटभर प्याला. आता तू पे."

म्हातारीनं तोंड उघडलं. मामांनी वाटी लावली. दोन घोट गेले, थोडं हनुवटीवरून ओघळलं. मामांनी ते धोतराच्या सोग्यानं नाही, हातानं टिपलं आणि तो ओला हात तिच्या कपाळावरून फिरवला. मग पुस्तक उचललं आणि पुन्हा चालू लागले.

मला पाहून ते थबकले. "या बुकवाले. थांबा जरा. ह्याला तळ्यापर्यंत नेऊन सोडतो."

पक्षीवेडा माणूस तळ्यापर्यंत पोचेपर्यंत मी उंबऱ्यावर बसून राहिलो. तळ्यावर धुरपतामामींनी आणखी तीन घोट घेतले. मग मामा बाहेर आले.

"तीन वर्सं झाली अंगावरून वारं जाऊन," ते म्हणाले. "डाक्टर म्हनतो, दिसाला दोन तांबे पाणी पोटात गेलं पायजे, न्हाईतर धोका हाय. ही पेत न्हाई. दात आवळून घेती. हिला वाटतंय तो मोठा दुस्काळच चालू हाय. बहात्तरचा. खडी फोडायला जायची तवा. रांजणात दोन तांबे असतील तर म्हनायची, सगळ्याचं होऊ द्या, मी मागून पेते. आता सगळे कोन? लेकी आपल्या घरी. आमी दोघंच. पर ही थांबून राहिली."

"मग हे पुस्तकाचं?"

मामा जरा हसले. "आमच्या वाटेवर सात गावं. विहिरी लई. आपल्याला पाणी देनारं दार एकच, हिच्या मायचं. आपलंच घर, गावाच्या कडंला. घुंगरं वाजली की ही तांब्या घेऊन उंबऱ्यात. तवा परकरात हुती. तिच्या मायनं शिकिवलं हुतं, वाटंनं आलेला माणूस आदी, मंग घर. मी पिल्याबिगर त्या दिशी घरात कुणी पाणी पीत नसायचं. ते अजून ध्यानात हाय हिच्या. बाकी सगळं गेलं. येकदा मी सहज बुक वाचून दावत हुतो, त्यातला माणूस वढ्यावर पाणी प्याला, अन् हिनं तोंड उघडलं बगा. तवापून हे चालू हाय. मी रोज रोज वाटसरू कुठून आनू? म्हून बुकातले आनतो."

वाटेवर आम्हाला एकच दार का होतं, हे मला समजावून सांगायची गरज नव्हती. पण तेवढं सोडून मला बाकी काहीच समजलेलं नव्हतं. बी.ए. होऊन मी तीन दिवस विहिरी बुजवत बसलो होतो.

"मामा," मी म्हणालो, "वाचनालयाची तपासणी आहे. मी सगळ्या पुस्तकांतले गोल खोडून टाकले."

आत बाज करकरली तशी त्यांनी मान वळवून पाहिलं, पुन्हा माझ्याकडं बघितलं.

"सगळीच बुकं कोरडी केलीस म्हन की," ते म्हणाले. पहिल्यांदाच मला अरेतुरे केलं. मग लगेच, मलाच धीर द्यावा तसं म्हणाले, "असू दे. पाणी बुकात हायच. फकस्त सापडायला येळ लागंल. डोळ्याला कमी दिसतंय, गोल लांबून दिसायचा, तांब्या भरायला सवड मिळायची. दुसरं काई न्हाई."

कार्डाचं मी बोललो नाही. त्यांनी आपणहून ते खिशातून काढलं. "हे न्यायला आलास न्हवं? नियम हाय. मला म्हाईत हुतं. पैलाच गोल काढला तवा म्हाईत हुतं." मी ते घेतलं. घेतल्यावर हाताला करायला काहीच उरलं नाही म्हणून पक्षीवेड्याचं पुस्तकही घेतलं, आणि चार पावलं गेल्यावर परत येऊन ते बाजेवर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी वकीलसाहेबांसमोर मी कार्ड फाडलं. त्यांनी तुकडे मोजल्यासारखे पाहिले आणि विचारलं, "काही म्हणाला का?" मी जे पाहिलं ते सगळं सांगितलं. वकीलसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "नियम तो नियम," ते म्हणाले आणि कोर्टात निघून गेले.

मग मी माझ्या मनानं दोन गोष्टी केल्या. नोकरदार म्हणून मलाही एक कार्ड होतं. खालच्या फळीतलं पुस्तक मी त्यावर काढलं. आणि ते नेऊन देण्याआधी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. 'जि. उस्मानाबाद' छापलेल्या जुन्या कागदांच्या मी लांब चिठ्ठ्या कापल्या होत्या. पुस्तकातला माणूस जिथं पाणी पीत होता तिथं एक चिठ्ठी घातली, वरचं टोक बाहेर राहील अशी. गोलापेक्षा ती लांबून दिसत होती. आणि ओढून काढली की पुस्तक स्वच्छ.

तपासणी झाली. साहेबांनी खालची फळी पाहिलीसुद्धा नाही. दर्जा मिळाला, अनुदान वाढलं, मी कायम झालो. त्या सगळ्याचा मला व्हायला हवा होता तेवढा आनंद झाला नाही. माझं डोकं दुसरीकडंच होतं. मी वाटेवरची पुस्तकं वाचत होतो. आधी नुसतं पाणी शोधत वाचत होतो. मग हळूहळू पाण्याच्या अलीकडचं आणि पलीकडचंही वाचायला लागलो. उन्हात तापलेला कातळ, पायवाटेला फुटलेली दुसरी पायवाट, संध्याकाळी एकदम गार होणारी दरी. आमच्या लोह्याकडच्या माळावर मी जन्मभर चाललो होतो, पण तो बघण्यासारखा असतो हे मला त्या वर्षी कळलं. कुणी धाडलेलं नसताना मी एका रविवारी बसनं गावाकडं गेलो, फाट्यावर उतरलो आणि घरी जायच्या आधी उगीचच माळावरून लांब चक्कर मारून आलो. आईला वाटलं, नोकरी गेली.

एक दिवस कात्रीनं चिठ्ठ्या कापताना मागं कुणीतरी उभं असल्याचं जाणवलं. वकीलसाहेब होते. त्यांनी टेबलावरचं पुस्तक उचललं, बाहेर आलेली कागदाची टोकं पाहिली, एक ओढून काढून परत जागेवर घातली.

"खूण म्हणजे काय, याची नियमात व्याख्या नाही," ते स्वतःशी बोलल्यासारखे म्हणाले. दारापर्यंत गेले आणि वळले. "जुने कागद संपले की सांगा. कोर्टात अजून ढीग पडलाय."

असं दीड वर्ष चाललं. मामा दर चार दिवसांनी येत. मी पुस्तक पुढं केलं की आता ते प्रश्न विचारत नसत. कडेच्या चिठ्ठ्या बोटानं मोजत आणि म्हणत, "चौदा. लई झालं." एखाद्या पुस्तकात पाचच निघाल्या तर मी खजील होत असे, जणू पाणी मीच कमी ठेवलं होतं. तेव्हा मामा म्हणत, "असू दे. मधी दोन विहिरी मी पाडतो. तोंडी."

धुरपतामामी वैशाखात गेल्या. मला चार दिवसांनी कळलं. मी जाऊन आलो. बाज उभी करून ठेवली होती, काठी कोपऱ्यात होती. मी निघताना मामा एवढंच म्हणाले, "शेवटच्या दिशी सात घोट पिली."

महिन्याभरानं ते वाचनालयात आले. पुस्तक परत केलं. त्यातल्या चिठ्ठ्या काढून, नीट एकावर एक रचून, दोऱ्यानं बांधून वेगळ्या आणल्या होत्या. "दुसऱ्या कुनाला लागतील," म्हणाले. ते जाणार असं मला वाटलं. पण ते खालच्या फळीपाशी गेले, वाकले, बराच वेळ शोधत राहिले आणि घाटवाटांवरच्या प्राध्यापकाचं ते पहिलं पुस्तक घेऊन आले. आम्ही दोघांनी मिळून त्याला कायमचं बाद केलेलं होतं. त्यात एकही चिठ्ठी घालता आलेली नव्हती.

"मामा, यात पाणी नाही," मी म्हणालो.

"म्हाईत हाय. आता असलं तरी काय अन् नसलं तरी काय. मला एकट्यालाच तर वाचायचंय."

पुस्तक त्यांनी महिनाभर ठेवलं. परत दिलं तेव्हा मी सवयीनं पानं चाळली. समास कोरे होते. दोन घाट चढून झाल्यावर प्राध्यापक एका खडकावर एकटेच बसून सूर्यास्त बघतात, त्या पानात मात्र एक चिठ्ठी होती. जुन्याच कागदाची, मीच कधीतरी कापलेली. तिच्यावर निळ्या पेन्सिलीनं लिहिलं होतं,

'हितं ह्याला कुणीतरी पाणी द्या.'